पिशवी फुगली असं समजा

पिपरी मेघेतल्या एका खाजगी संस्थेच्या संचालकाने माझ्या मुलीला फसवलं. ऑपरेशनच्या वेळी भुलीच्या डॉक्टरांच्या हाताशी कसं काम करायचं ते शिकवतो म्हणून तिला घेतलं, आणि ते न शिकवताच ती शिकली असं जाहीर केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाकुणावर संशय घेतला ते वाचताना कुणी मला वेड्यात काढणार नाही.

पुलगावात माझं भांड्यांचं दुकान आहे. त्याआधी मी आठवडी बाजार करत होते. गिरडच्या टेकडीखाली ताडपत्री अंथरून डबे आणि पातेली विकलेली आहेत. घासाघिशीत माझा हात कुणी धरू शकत नाही, आणि मला राग लवकर येतो हेही बाजाराला माहीत आहे. पण पाणी भरायचा गुंड विकायचा तर मी तो गिऱ्हाइकासमोर काठोकाठ भरते, कोरड्या फरशीवर ठेवते आणि मगच भावाचं बोलते. खाली ओल दिसली की गुंड परत आत जातो. एवढा एकच नियम मी दुकानात कधी मोडला नाही.

मुलीला घालण्याआधी मी ती संस्था पाहून आले होते. काचेच्या दाराआड भुलीचं मशीन उभं होतं, त्यावर प्लास्टिकचं आवरण. संचालकाने मला समजावलं की भूल देणारा डॉक्टर, पण सकाळी मशीन तपासणं, नळ्या जोडणं, औषधं आणि घशात पाहायचा दिवा तयार ठेवणं, हे सगळं टेक्निशियनच्या हातात असतं. मला काम आवडलं. कामाला इज्जत होती. फीवर मी घासाघीस केली तर तो इतक्या लवकर खाली आला की मला तेव्हाच खटकलं. चांगला माल असलेला दुकानदार इतक्या सहज उतरत नाही.

वर्गातलं शिक्षण झाल्यावर प्रॅक्टिकलसाठी तिला वर्ध्याच्या एका हॉस्पिटलमध्ये पाठवलं. पास झाली तसं त्याच हॉस्पिटलने तिला कामावर ठेवून पाहतो म्हटलं. मी दुकानात पेढे वाटले. आणि काही दिवसांतच ती भर दुपारी परत आली, गल्ल्यामागे बसली आणि आधीच पुसलेली झाकणं पुन्हा पुसायला लागली.

"काऊन आली?" मी विचारलं.

"भुलीच्या मॅडमनं येऊ नको म्हटलं."

आणि तिने पुढचं झाकण उचललं. आता मी काय समजायचं? आधी मला वाटलं, मॅडमला आपली कुणी भाची-पुतणी तिथे बसवायची असेल. मग वाटलं, हिचंच कुठल्या तरी मुलाबरोबर काही असेल, म्हणून ती फोनवर बोलत असताना मी डबे लावायच्या निमित्ताने शेजारी जाऊन उभी राहिले. ती उठून आत गेली. माझा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेले आणि खाली काउंटरवरच आवाज चढवला. भुलीच्या मॅडम स्वतः बाहेर आल्या. माझ्या अपेक्षेपेक्षा लहान होत्या. मला गप्प करायलाच आत नेत असतील, असं धरून मी त्यांच्यामागे गेले. थिएटरच्या बाजूच्या खोलीत एक जास्तीचं मशीन होतं. त्या मुलीला म्हणाल्या, सकाळची तपासणी कर आणि आईला दाखव.

मुलगी सुरू झाली. ऑक्सिजनचा काटा, राखीव सिलिंडर, घशातला स्राव ओढायची नळी, दिवा. एकेका वस्तूवर हात ठेवत, न अडखळता बोलत होती. माझी छाती भरून आली आणि मॅडमबद्दल जे वाटत होतं ते आणखी पक्कं झालं. मग तिने नळ्यांना ती काळी रबरी पिशवी लावली, झडप बंद केली, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, म्हणाली, "पिशवी फुगली, गळती नाही," आणि पुढच्या वस्तूकडे वळली.

पिशवी नुसती लोंबत होती. रिकाम्या मोज्यासारखी.

"फुगली कुठं?" मी म्हटलं.

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाण्यासारखं काही विचारलं. "आई, फुगली असं समजाचं असते."

 मॅडमनी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून ऑक्सिजनचं बटण दाबलं. पिशवी फुगली. त्यांनी ती हातात धरून दाबली, आणि ती त्यांच्या मुठीत हळूहळू मऊ पडत गेली. मुलीने एक जोड सैल ठेवला होता. बेशुद्ध माणसाचा श्वास याच पिशवीतून चालतो, मॅडमनी मला सांगितलं. मुलीला घरी पाठवलं त्या दिवशी पित्ताशयाच्या ऑपरेशनची एक बाई टेबलावर आणलेली होती, मुलगी 'ठीक' म्हणाली होती, आणि मॅडमनी सवयीने पुन्हा पिशवी दाबून पाहिली म्हणून निभावलं. मी माझ्या मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्याला का काढलं ते तिला आत्ता कळत होतं, आमच्यासमोर.

मग सगळं बाहेर आलं. वर्गातल्या मशीनला ऑक्सिजन जोडलेलाच नव्हता. सर म्हणायचे, फुगली असं समजा आणि पुढं चला. सगळ्या मुली तशाच चालल्या. तोंडी परीक्षेतही तेच, न अडखळता बोलली की पास. आणि प्रॅक्टिकल? ते इथेच झालं होतं ना? मुलगी म्हणाली, स्ट्रेचर ढकलले, फाइली पोचवल्या, थिएटरच्या दारापर्यंत. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली आणि म्हणाल्या, माणसं कमी पडतात, तर विद्यार्थ्यांची मदत होते. त्या माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्यांच्या हॉस्पिटलला मी मोकळं सोडत नाही. त्यांना फुकटचे हात मिळतात, संस्थेला पाटीवर लिहायला हॉस्पिटलचं नाव मिळतं. असा समझोता मी बाजारात पुष्कळ पाहिला आहे, दोन दुकानदार मिळून एकच गिऱ्हाईक कापतात.

तिथून आम्ही थेट पिपरी मेघेला गेलो. काचेच्या दाराआड नवीन मुली रांगेत उभ्या होत्या, एकीचा अंगठा नळीवर होता. मी कुणाला न विचारता आत शिरले आणि मशीनमागचा ऑक्सिजनचा पाइप हाताने धरत धरत गेले. त्याचं दुसरं टोक कपाटामागे वेटोळं करून सुतळीने बांधलेलं होतं.

संचालकाने चहा मागवला. "ताई, खरं शिक्षण तर हॉस्पिटलातच होते ना," म्हणाला. मी म्हटलं, हॉस्पिटलवाले म्हणतात ते तुमच्याकडे होते. तेव्हा तो फी परत द्यायचं बोलायला लागला. आयुष्यभर घासाघीस केली, पण त्या आकड्याकडे मी लक्षही दिलं नाही.

"सर, उद्या तुमचं ऑपरेशन निघालं तर मशीनजवळ याच पोरीले उभी करू काय?"

तो हसला. मी हसत नाही हे पाहून चहाकडे वळला.

मॅडमनी मुलीला एक सवलत दिली. ती रोज सकाळी लवकर जाते, त्यांच्यासमोर मशीन तपासते, आणि त्या हो म्हणेपर्यंत पेशंटजवळ जायचं नाही. त्या हो म्हणतील की नाही, मला माहीत नाही. कालच मुलगी म्हणाली, "आई, आता मी पिशवी दाबून धरून राह्यते, मॅडम सोड म्हणेपर्यंत." तिच्या बॅचच्या बाकी मुली मात्र आर्वी, हिंगणघाट, कुठे कुठे कामाला लागल्या. हिने एकीला फोन करून विचारलं, पिशवी दाबून पाहतेस का, तर ती म्हणाली, आमचं मशीन नवीन आहे, ते आपलं आपणच पाहून घेते.

त्या मुलींच्या भरवशावर आज कुणीतरी डोळे मिटतंय. म्हणून मी इथे लिहून मागते आहे. संचालकांनी आणि त्या हॉस्पिटलने मिळून एकेक मुलगी परत बोलवावी आणि फुगलेली पिशवी तिच्या हातात द्यावी. आणि या मुली शिकल्या हे कुणी, काय पाहून ठरवलं, ते त्या माणसाने माझ्या दुकानात येऊन, भरलेल्या गुंडाशेजारी उभं राहून, गिऱ्हाइकांसमोर सांगावं.