देवरावच्या बाबांसाठी स्पीकरची पेटी

चार रिकामटेकडे रोज एकाच बाकावर बसले, की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमचा बाक विदर्भातल्या वणीत, देवरावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. साल साठच्या आसपासचं.

देवरावला बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा जुना, परातीएवढा स्पीकर मिळाला होता. त्याच्या वडिलांना ऐकू येईनासं झालं होतं. जाड आवाज थोडाफार कळायचा, बारीक नाहीच. घरचे सगळे हातवाऱ्यांवर भागवायचे, आणि देवरावला ते फार लागायचं. तो म्हणायचा, "या स्पीकरले चांगली पेटी केली तं बाबाले भजन ऐकू येईन!"

*

पेटीसाठी गुणवंत सुतार आला. सागवानाची फळी त्याने रंधा मारून गुळगुळीत केली. देवरावने मधोमध परातीएवढं भोक पाडायला सांगितलं, तशी त्याने करवत खालीच ठेवली.

"एवढ्या चांगल्या फळीले भोक? लोकं मले भोकं बुजवाले बोलावतात!"

शेवटी त्याला चहाला पाठवलं आणि भोक आम्हीच पाडलं. ते गोल झालं नाही, हे सोडा.

*

पेटी वाजली, पण धान्याच्या रिकाम्या कणगीत तोंड घालून बोलल्यासारखी. आत कापूस भरायचं ठरलं. वणीत कापसाला काय तोटा! मी शेतावरून गाठोडं आणलं आणि आम्ही तो सरकीसकट ठासून भरला. सरकी उंदरांना आवडते, हे एकाही शेतकऱ्याच्या पोराला आठवलं नाही!

थोड्याच दिवसांत भजनाला आतून खुडखुड सुरू झाली. माझे मामा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "झांजवाला कोण हाये बे? मस्त वाजवून राह्यला!"

मग कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सरकी काढलेली रुई आणली आणि आवाज भरदार झाला.

*

इतका भरदार, की शेजारचा हॉटेलवाला धावत आला. "देवरावभाऊ, बुवा जरा बारीक आवाजाचा लावत जा ना! मह्या कपबशा खाली पडून राह्यल्या!"

*

मग बाबांना आणलं. खुर्चीत बसवून भजन लावलं. बाबांनी पेटीवर तळहात ठेवला. मग त्यांची मान डोलू लागली.

"येते! ऐकू येते!" बाबा ओरडले. "आता हे बंद कर."

देवरावने खट्टू होऊन बटण फिरवलं.

"अन् तू बोल यातून."

सभांना भाड्याने द्यायचा माइक दुकानात होता. देवरावने तो जोडला, आणि स्पीकरने शिट्टी मारू नये म्हणून तो लांब वायर ओढत रस्त्यावर जाऊन उभा राहिला. एरवी गिऱ्हाइकाला बोलून बोलून हैराण करणारा माणूस, पण त्याला शब्द सुचेना. शेवटी पेटीतून आवाज आला, "बाबा, जेवले का?"

"केव्हाचाच जेवलो! एवढं इचाराले पेटी कायले लागते?"

बाबांनी खुर्ची पेटीला भिडवली.

"अजून काही इचार!"