दादाचं जनुक

मी नागपूर सोडलं त्या दुपारी सोनेगावच्या विमानतळावर दादानं माझ्या सामानाची गाडी ढकलत आणली आणि दाराजवळच्या पिवळ्या खांबावर आपटली. खांब त्याच्या डाव्या बाजूला होता. समोरचं त्याला तेव्हा नीट दिसायचं, कडेचं दिसायचं नाही. आई बॅगेला काही झालं का ते पाहायला वाकली. माझ्या धाकट्या बहिणीनं, शुभांगीनं दादाच्या कोपराखाली हात घातला आणि त्याला वळसा घालून पुढे आणलं. आत गेल्यावर मी काचेतून वळून पाहिलं, तर तिचा हात अजून तिथंच होता. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, ती जागा माझी होती.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. प्रताप नगरच्या आमच्या घरून तो मला सायकलवर ट्यूशनला न्यायचा. परत येताना दिवेलागण झाली की मी पुढच्या दांड्यावर बसून खड्डा आला, गाय आली, उजवीकडे घे, असं सांगत राहायचे. मला तो खेळ वाटायचा. तो हिंगण्याच्या कारखान्यात लागला, मोटरसायकलवरून दोनदा पडला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, शेवटी मधलं. आई आणि बाबा आते-मामे भावंडं. एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत दोघांकडे होती, आणि दोन्ही दादाच्या वाट्याला आल्या. आम्ही बहिणी सुटलो. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. आई म्हणाली, "शिकूनच राहिली नं तू, मंग हेच शीक."

म्हणून मी लीड्सला आले. इथं पडद्याच्या आनुवंशिक आजारांवर काम करणारी एक प्रयोगशाळा आहे. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगलं जनुक भरायचं आणि ते डोळ्यात सोडायचं, असं ते काम, थोडक्यात. पहिली तीन वर्षं मी पिपेट, फ्रीझर आणि ग्रँटच्या तारखा यांत काढली. फोनवर आई विचारायची, दवाई कुठवर आली? मी म्हणायचे, चालू आहे. ते खोटं नव्हतं.

मग दादाची जनुकीय तपासणी झाली. रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर गेला आणि त्यानं तो मला पाठवला. मी लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचला. बिघाड ज्या जनुकात होता त्यावर आमच्या लॅबचं काम नव्हतंच. आमचं जनुक लहान होतं. दादाचं इतकं लांबलचक, की आमच्या विषाणूत ते मावणारच नव्हतं. म्हणजे मी जे औषध बनवत होते ते जगात कुणाकुणाच्या भावांना लागणार होतं, माझ्या भावाला नाही. मी घरी कळवलं, रिपोर्ट मिळाला, काम चालू आहे. इंग्रजीतली ती चार पानं तिकडे कुणाला कळायची नाहीत, असंही मला वाटलं. तेही लिहून टाकते.

दोन वर्षांनी आमच्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली. आमच्यासारख्यांची रुग्णांशी सहसा गाठ पडत नाही. पण एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला खाली बोलावलं. चाळिशीचा एक माणूस होता, सोबत त्याची बहीण. ती सांगत होती की काल संध्याकाळी तो बसस्टॉपवरून एकटा घरी आला, कुंपणाचं फाटक त्यानंच उघडलं, आणि ती खिडकीतून नुसती बघत राहिली. बोलता बोलता तिनं माझे दोन्ही हात धरले. मी हसले, अभिनंदन केलं. मग हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला त्या बाईचा राग आला होता. तिनं काय केलं होतं? तिच्या भावाचं जनुक लहान होतं, एवढंच. तुमच्यापैकी जे गाव सोडून आले असतील त्यांनी दुसऱ्याच्या घरातल्या दिव्यांकडे रस्त्यावरून पाहिलं असेल. पण हा दिवा मीच लावला होता, आणि तोच मला सहन होत नव्हता.

त्याच डिसेंबरात मी नागपूरला गेले. दादानं नोकरी सोडली होती. शुभांगी लकडगंजच्या एका शाळेत गणित शिकवत होती. लग्नानंतर तिनं मुद्दाम दोन गल्ल्यांवर घर घेतलं होतं. शेजारच्या काकू भेटायला आल्या तर आई त्यांना माझ्यासमोरच म्हणाली, "माही पोरगी भावाची दवाई बनवून राहिली." काकूंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. आता सांगायलाच हवं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली होती. व्हरांड्यात दादा वाटाणे सोलत होता आणि शुभांगी पेपर तपासत होती. मी सगळं सांगून टाकलं. जनुक वेगळं, लांब, आमच्या औषधात त्याचं काही नाही. दादाचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत आहे नं," तो म्हणाला.

केव्हापासून, असं मी विचारलं. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात शुभांगीनं वाचून दाखवला होता. मग दोघं डॉक्टरांकडे जाऊन नीट समजून घेऊन आले होते.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू तिथं एकटी. त्याच्याच भरवशावर दिवस काढून राहिली होती. ते कसं काढून घेऊ वं तुह्यापासून?"

दुसरी कुणी असती तर भावाच्या गळ्यात पडून रडली असती. मी मात्र शुभांगीकडे पाहत होते. म्हणजे मी फोनवर थापा मारत असताना ही दोघं शेजारी बसून ऐकत होती. दवाखान्यात दादाच्या शेजारच्या खुर्चीवर ती होती. माझ्या विषयातली, माझ्या भावाची सगळ्यात मोठी बातमी तिनं त्याला वाचून दाखवली होती. मी तिला म्हटलं, तू तरी सांगायचं होतंस.

तिनं पेनाचं टोपण लावलं. "आई दिवसभर तुहंच नाव घेते, ताई. दवाई तुही, भिंतीवरचे फोटो तुहे. दादाले रोज घेऊन जाणं-येणं मी करते, ते कोणाले दिसत नाही. मले एक तरी गोष्ट पाहिजे होती, जी तुह्यापाशी नाही."

इतकी वर्षं मी तिच्या हातावर जळत होते आणि ती माझ्या नावावर. आमच्या मधोमध दादा वाटाणे सोलत होता. थोड्या वेळानं त्यानं पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाला, दोघी मिळून हे संपवा, माझी बोटं दुखली.

परत आल्यावर मी गट बदलला. आता ज्यांच्यासोबत काम करते ते लांब जनुकाचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवायचं बघताहेत. ते तुकडे पेशीत जाऊन जुळायला हवेत. कधी जुळतात, बहुतेकदा नाही. हे औषध झालंच तरी तोवर दादाच्या पेशी उरणार नाहीत. ते मी त्याला या वेळी लगेच सांगितलं. आईलाही सांगितलं. ती आता काकूंना फक्त माझी नोकरी चांगली आहे म्हणते. शुभांगीशी माझं आठवड्यातून दोनदा बोलणं होतं. तिच्याविषयी जे वाटायचं ते गेलं, असं म्हणणार नाही. आम्ही ते एकमेकींना सांगून टाकलंय, एवढंच.

मागच्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "नीतू, उजव्या डोळ्यानं आता आईचा चेहरा नाही दिसून राहिला. मधातच डाग आला."

कधीपासून, डॉक्टरांना दाखवलं का, शुभांगी काय म्हणाली, सगळं मी विचारलं.

"तिले अजून नाही सांगतलं. पहिले तुले लावला फोन. तूच सांग तिले."

इथले लोक विचारतात, तुझं घर कुठलं. मला इतकी वर्षं धड उत्तर देता आलं नव्हतं. आता वाटतं, जिथली वाईट बातमी आपल्याला आधी कळते ते घर. दादाला आईचा चेहरा दिसेनासा झाला होता आणि माझ्या छातीत काहीतरी आनंदानं हललं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

शुभांगीला फोन लावायला मी अर्धा तास घेतला. तेवढा वेळ दादा फक्त माझा होता.