चोरलेली शेवंती

आज शेवंतीचे फुटवे वेगळे करताना पानांचा कडसर वास बोटांना लागला आणि कोळारची भाड्याची खोली आठवली. लग्न होऊन मी मुडबीहून नुकतीच आले होते. ओळखीचं कुणी नव्हतं. शेजारच्या अक्कांच्या अंगणात मात्र पिवळी शेवंती होती, माझ्या माहेरी लिंगपूजेला असायची तशीच. मी रोज कुंपणाशी उभी राहून बघायची.

“मागून घे की,” नवरा म्हणायचा. पण मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरूनच आणावं लागतं, असं आमच्याकडे मानतात. आणि चोरायची माझी छाती होत नव्हती.

एका दुपारी खुरपं टाकून अक्का मोठ्यानं म्हणाल्या, “तहान लागली बाई. पानी प्यायला आत जायलेय, लवकर काय यायची न्हाई.”

मी कुंपणातून हात घातला, फुटवा उचलला आणि पळत सुटले.

त्याचीच शेवंती आजवर पुरली. फुलं सरली की झाड बुडाशी छाटायचं, फुटवे नव्या वाफ्यात लावायचे. पूजेला फुलं, केसात वेणी, आणि आपण चोर असल्याची मजा!

आज मुळं सुकू नयेत म्हणून फुटव्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि थबकले. त्या दुपारी मी काहीच उपटलं नव्हतं. तो फुटवाही असाच ओल्या फडक्यात कुंपणाशी ठेवलेला होता.

अक्का आता नाहीत. इथे शेजारच्या घरातली नवी सून रोज माझा वाफा बघत असते. मी फुटवा दोन्ही अंगणांमधल्या भिंतीवर ठेवला आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाले, “चहा ठेवायला आत जायलेय बाई!”