साण्यावरची फरशी

ससे दोनच होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की दर खेपेला ससे वाढत गेले. मागल्या लग्नसराईत ते अठरावर पोचले होते.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी लोह्याहून नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो होतो. जिल्हा नवा, खुर्च्या नव्या, पाणी तेवढं नव्हतं. दुष्काळी वर्ष. ऊन असं, की दुपारी माझी सावलीसुद्धा माझ्यासोबत बाहेर पडायला कुरकुर करायची.

बायकोनं माहेरून, मुदखेडहून, टोपलीत घालून सशांची जोडी आणली होती. आमचं भाड्याचं घर मातीच्या सपाट माळवदाचं. मागल्या खोलीच्या छताला साणं होतं, म्हणजे उजेड आत यावा नि धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेलं हातभर भोक. पाऊस आला की माळवदावर चढून त्यावर फरशी सरकवायची. पाऊसच नव्हता, तेव्हा ते उघडंच असायचं. बायकोनं त्याच खोलीत ससे ठेवले. शहाबादी फरशीवर ओलं फडकं, खिडकीला जाळी, वर साणं मोकळं. खिडकीतून वारा यायचा, गरम हवा वरून निघून जायची. ससे पाय ताणून पडलेले असायचे. मादी तर बायकोच्या पावलांचा आवाज आला की कान उभे करायची. माझ्या पावलांना तिनं कधी तो मान दिला नाही.

हे सगळं बायकोचं डोकं. कचेरीत मात्र मी ते माझ्या नावावर खपवलं. म्हणालो, माझ्या खोलीत एवढा गारठा, की सशांना रात्री गोधडी घालावी लागते.

आमचे रावसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "येतो रविवारी. गोधडी बघायची हाय आम्हाला."

झालं. आता गारठा आणणं भाग होतं. रविवारी सकाळीच मी शनिवारच्या टँकरचं रांजणभर पाणी बारदानांवर ओतलं आणि ती ओली बारदानं मागल्या खोलीच्या दाराला, खिडकीला घट्ट ठोकली. मग माळवदावर चढून साण्यावर फरशी सरकवली.

बायको खालून म्हणाली, "अहो, ते कशाला लावून राहिलात? वाफ जाईल कुठून?"

"अगं, वरून गारवा पळून जातो."

"गारवा पळत न्हाई. कोंडतो ते गरमच. लई डोकं चालवू नका, उघडा ते."

"रावसाहेब जाऊ दे, मग उघडतो."

रावसाहेब आले. दाराच्या बारदानाला हात लावून म्हणाले, "वा. लई गार हाय हो." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. गोधडी विसरले. बाहेरच्या खोलीत बसून चहा घेत नव्या जिल्ह्यात कुणाची बदली कुठं होणार ते सांगत राहिले. बायको दोनदा दारात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी रंगात होतो. लोह्याच्या विहिरीत दुष्काळातही बर्फ सापडतो, असं काहीतरी सांगत होतो.

ते गेल्यावर तिनं बारदान बाजूला केलं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. नर कोपऱ्यात धापा टाकत होता. मादी मान लांब करून पडली होती. बायकोनं तिला मांडीवर घेतलं, पदर ओला करून तिचे कान पुसले. पुसतच राहिली.

मी माळवदावर धावलो, फरशी ओढली. साण्यातून खाली बघितलं तर बायकोचं डोकं दिसत होतं. तिनं वर बघितलं नाही.

"आता राहू द्या," म्हणाली.

उरलेला नर तिनं दुसऱ्या दिवशी मुदखेडला पोचवला. त्यावरून ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर मी काहीतरी रचून सांगितलंच असतं.

मी ही गोष्ट सांगायला लागलो की लोक हसतात. रावसाहेब, गोधडी, अठरा ससे. चहाच्या पुढं मी कधी जात नाही. मागल्या लग्नातही तिथंच थांबलो. बायको शेजारी बसलेली होती. ती उठली आणि मांडवाची मागली कनात वर करून बांधून आली, वारा यायला.