तेराव्याचा तिसरा वडा

माझे सासरे अण्णा घशाच्या सदोष रचनेमुळे वारले, हे मी त्यांच्याच तेराव्याच्या पंगतीत जाहीर केलं.

(करायला नको होतं, हे आता मलाही कळतं.)

अण्णा औरंगपुऱ्यातले शिंपी, मी शाळेत जीवशास्त्राचा मास्तर. तीस वर्षं आमचा एकच वाद. "सदऱ्याला शिवणारा लागतो, अन् मानूस काय आपोआप शिवला व्हय?" ते विचारायचे. मी उत्क्रांती समजावू लागलो की शिलाई मशीन जोरात चालवायचे! शर्ट तंग झाला म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "शिवण बराबर हाय. जेवण कमी करा."

मग त्यांना लकवा झाला. घास श्वासनलिकेत जाऊ लागला, छातीत संसर्ग झाला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. वाद घालायला माणूसच उरला नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

पंगतीत मेहुणा दत्ता म्हणाला, "दाजी, ज्यानं घडवलं त्यानंच नेलं."

झालं! "कसलं घडवलं?" मी तिसरा वडा तोंडात कोंबला. "अन्ननलिका अन् श्वासनलिका एकमेकींना चिकटून! कुठला शहाणा कारागीर..."

वडा अडकला. आधी ठसका, मग आवाजच बंद.

"कुणीतरी आठवण काढतंय!" दत्ता म्हणाला. नाव बरोबर ओळखलं की ठसका थांबतो, अशी आमच्याकडे पक्की समजूत. "पुण्याची ताई?" "वैजापूरचे मामा?" पंगत नावं घेत सुटली आणि मी निळा पडत चाललो! शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णा तर नसतील?"

बायकोने हंबरडा फोडला. मलाही वाटलं, संपलं. हार घातलेले अण्णा फोटोतून माझ्याकडेच बघत होते.

सासूबाई उठल्या. "अहो, राहू द्या त्यांना! पोरीचं बघा जरा!" असं फोटोवर ओरडून त्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला, की वडा थेट फोटोच्या काचेवर!

मी खोकत, रडत बसलो. त्यातलं वड्यामुळे किती आणि अण्णांमुळे किती, मला सांगता येणार नाही. पण मास्तरकी जात नाही. "बघितलंत?" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "रचनाच चुकीची."

सासूबाईंनी पदराने काच पुसली. मग माझ्या पत्रावळीवरचा चौथा वडा उचलून घेतला.

"शिवण बराबर हाय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "जेवण कमी करा."