रफिकाचे चारशे रियाल

चहा आधी संपवून घ्या. मधेच ठसका लागला तर त्याचा दोष माझ्यावर नको. माझ्यावर आधीच एक मोठा दोष आहे, आणि तो मी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलाय. तोंडही कसलं, तर वर्षातून एकदा उघडणारं!

मी कमी बोलते. शाळेत बाई माझी गैरहजेरी लावायच्या, कारण मी ‘हजर’ म्हटलेलं त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. माझं सगळं कामकाज मानेवर चालतं. हो म्हणायचं असेल तर मान हलवायची, नाही म्हणायचं असेल तरी मान हलवायची. समोरच्यानं काय घ्यायचं ते घ्यावं.

लग्नाआधी मिरजेत एका सीएंच्या ऑफिसात मी चार वर्षं लोकांची रिटर्न भरत होते. तिथं मात्र बोलावं लागायचं. “काका, इन्कम टॅक्स भरला म्हणजे सुटलो असं नसतं हो. त्यावर सेस आहे, उशिराचं व्याज आहे. मुख्य टॅक्सपेक्षा त्याच्या मागून येणारी पिलावळच माणसाला छळते.” हे वाक्य मी निदान दोनशे काकांना ऐकवलं असेल. लक्षात ठेवा हं हे वाक्य. मी विसरले, तुम्ही विसरू नका.

कांदेपोह्यांच्या दिवशी बाबांनी निखिलला, म्हणजे आमच्या ह्यांना, विचारलं, “तिकडं सौदीत टॅक्स किती कापतात?”

“इन्कम टॅक्स नाहीच तिकडं. पगार आहे तेवढा हातात.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरातली टॅक्सवाली मीच ना! मी मान हलवली.

“मुलगी हुशार आहे हो,” होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. “बघा, एका मानेत हिशेब मिटवला!”

झालं. लग्न ठरलं. एका मानेत.

सौदी म्हटल्यावर मी पातळ सुती कपड्यांची बॅग भरून नेली, तर आमचं गाव निघालं खमीस मुशैत! ते आहे डोंगरावर. सकाळी ढग खिडकीला नाक लावून आत बघतात, आणि घाटरस्त्याला गाडी थांबवली की माकडं बॉनेटवर येऊन बसतात. मी दोन स्वेटर घालून वाळवंट शोधत होते. निखिल एका हॉस्पिटलात एक्स-रेची मशीनं दुरुस्त करतो. लोकांच्या बरगड्यांच्या आतलं त्याला दिसतं, पण स्वतःच्या मनातलं दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणजे तोही माझ्यासारखाच. दोन मुकी माणसं संसार करतात तेव्हा घरात फक्त कुकर बोलतो.

तर एक दिवस तो गॅलरीत फोनवर होता. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, त्याची कागदपत्रं बघायला कंपनीचा एक माणूस असतो, त्याच्याशी. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा माणूस आधी घशातल्या घशात काहीतरी म्हणाला आणि मग स्पष्ट ऐकू आलं, “…रफिका का चार सौ रियाल महीना. पूरे साल का एक साथ डालो, भाई.”

आणि आमचे हे हळूच म्हणाले, “डालता हूँ, डालता हूँ. लेकिन घर पे फोन मत करना. बीवी को मालूम नहीं है.”

आता तुम्हीच सांगा, नव्या नवरीनं यातून काय अर्थ काढायचा?

तरी मी गप्प. म्हटलं, असेल एखादी गरजू बाई, करत असेल मदत. मनाला काय, काहीही समजावता येतं. पण दोन दिवसांनी पँट मशीनला टाकताना खिशात एक पावती निघाली. सगळी अरबीत. आकडे मात्र मला वाण्याच्या दुकानातल्या पाट्या वाचून यायला लागले होते. आधी उलटा तीन, मग डोंगराचं टोक, मग दोन ठिपके. म्हणजे चार हजार आठशे. बारा गुणिले चारशे!

मोबाइल पावतीवर धरला आणि भाषांतर करून बघितलं. मराठीत केलं असतं तर कदाचित वाचले असते. पण सरकारी कागद म्हटला की आपला विश्वास इंग्रजीवर. स्क्रीनवर अक्षरं थरथरली आणि स्थिर झाली: ‘एस्कॉर्ट फी, बारा महिने.’

मी तशीच मशीनवर बसले. मशीन सुरू होतं. मीही मशीनबरोबर हलत होते.

पावती? अशा कामाची पावती देतात? वा रे देश! आमच्या मिरजेत डॉक्टर पावती देत नाहीत!

खालच्या मजल्यावर हमीदाआपा राहायच्या. मूळच्या श्रीवर्धनच्या. त्यांच्या नवऱ्याचं आमच्याच इमारतीखाली किराणा दुकान. हातात जपमाळ, नजर खाली, आणि मला कोथिंबीर नेहमी फुकट. आपांशिवाय मराठीत विचारायला होतं कोण? गेले. पण असलं विचारायचं कसं? मी जमिनीकडं बघत म्हटलं, “आपा, इथले पुरुष महिन्याला चारशे रियाल… भरतात का हो?”

“कोणाचे? बायकांचे?”

“हो.”

“भरतात तर! न भरून सांगतात कोणाला?”

“सगळे?”

“सगळे म्हणजे? कायदाच हाय तसा, गो बाय. वर्षाचे एकदम, आणि आगाऊ.”

कायदा! “तुमचे… भाऊजीसुद्धा?”

“आमच्या ह्यांची तर पाच होती.”

पाच! ती जपमाळ! ती खाली नजर! ती फुकट कोथिंबीर!

“परवडंनात मग,” आपा लसूण सोलत म्हणाल्या. “चार दिली पाठवून श्रीवर्धनला. आता एकच ठेवलीय.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलणार? रडले तीन दिवस. मग सवय झाली.” त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “का गो? तुझ्या नवऱ्याची किती?”

“एक. बहुतेक.”

“एकच? मग तोंड कशाला पाडतेस? नशीबवान हायस तू!”

वर आले. गॅसवर वरण करपलं होतं. मी ते तसंच वाढलं. त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं. माझी खात्रीच पटली. करपलेलं वरण विनातक्रार खाणारा नवरा निर्दोष असूच शकत नाही!

शुक्रवार म्हणजे तिथला सुट्टीचा दिवस. सकाळी मिरजेला व्हिडिओ कॉल ठरलेला. पडद्यावर सासूबाई, त्यांच्या मागं सासऱ्यांचं अर्धं कपाळ. माझं काम एवढंच, की ‘बरी आहेस ना?’ म्हटलं की मान हलवायची.

“बरी आहेस ना गं?”

“आई,” मी म्हटलं, “यांनी इथं बाई ठेवलीय.”

निखिलचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला.

“आवाज तुटतोय,” कपाळातून सासरे म्हणाले. “परत बोल.”

“बाई! बाई ठेवलीय!”

“बाई होय?” सासूबाई म्हणाल्या. “भांड्यापुरती की वरकामाला पण? अगं, दोन माणसांचं काम ते, इतक्यात बाई कशाला?”

“कामाला नाही हो!” आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मलाच मोठा वाटला, आणि खोटं कशाला सांगू, आवडलाही. “रफिका तिचं नाव! महिन्याला चारशे रियाल! वर्षाचे आगाऊ भरलेत! ही बघा पावती!”

“निखिल! काय ऐकतेय मी हे?”

“आई, अगं, ती…”

“तू गप्प बस!”

मी तर सुटलेच होते. पंचवीस वर्षांचं साठलेलं बोलणं, ते काय एका वाक्यावर थांबतंय? “इथं एक तर ती राहील, नाही तर मी! तिचे पैसे बंद करा आणि आजच्या आज तिला तिच्या घरी पाठवून द्या!”

“बरोबर बोलली सून!” सासूबाई कडाडल्या. “पाठव तिला! माझ्या लेकाच्या कष्टाच्या पैशावर आयती बसून खाणारी बाई मला नको!”

निखिलनं चमचा खाली ठेवला. मग एक्स-रेचा रिपोर्ट सांगावा तसं हळू आवाजात म्हणाला, “आई, ती बाई हीच आहे.”

मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

“रफिका नाही. मुराफिका,” तो म्हणाला. “मुराफिका म्हणजे सोबत आलेली. कमावत्या माणसाबरोबर जे कोणी राहायला येतात, बायको, मुलं, त्यांच्यामागं माणशी चारशे रियाल महिन्याला सरकारला भरायचे. इन्कम टॅक्स नाही, पण हे आहे. इथं सगळे याला फॅमिली टॅक्स म्हणतात.”

पहिले हसले ते सासरे. इतके हसले की कपाळ पडद्यावरून गायब झालं. मग निखिल हसला. मग मीही हसले. लाजेनं कानशिलं तापली होती, पण हसले. नवरा निर्दोष, संसार शाबूत, अजून काय पाहिजे माणसाला?

सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “चारशे म्हणजे आपले किती रे?”

बघा, घोळ मी केला तो बाईचा नव्हे. घोळ हा! कारण हे पैसे निखिलनं जसे माझ्यापासून लपवले होते तसेच आईपासूनही लपवले होते. आणि मी ते पावतीसकट, मोठ्या आवाजात जाहीर केले होते.

“साडेनऊ हजार धर,” सासरे म्हणाले. “वर्षाचे लाखाच्या वर गेले.”

“हिचे?” सासूबाई म्हणाल्या.

एवढंच. “हिचे?”

कॉल संपल्यावर मी निखिलला विचारलं, “मला सांगितलं का नाही?”

“कांदेपोह्यांच्या दिवशी तू मान हलवलीस. मला वाटलं तुला सगळं माहीत आहे. इथं आलीस तेव्हा कळलं, माहीत नाही. मग लाज वाटली.”

मी कपाटातून माझं इकाम्याचं कार्ड काढलं आणि भाषांतर करून बघितलं, या वेळी मराठीत. ‘सोबती. काम करण्याची परवानगी नाही.’ चार वर्षं मी लोकांना सांगत आले, उत्पन्न नाही तर कर नाही. आणि इथं मी! कमाई शून्य, कमवायला बंदी, आणि टॅक्स माझ्या नुसत्या असण्यावर. दोनशे काकांना शिकवलेली ती मागून येणारी पिलावळ, ती मीच होते.

संध्याकाळी आपांकडं गेले, चूक सांगून हसवायला. त्या हसल्याही खूप. मी म्हटलं, “आणि आपा, मला वाटलं भाऊजींच्या पाच बायका!” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “पाच म्हणजे मी आणि माझी चार पोरं गो. धाकटा पाच वर्षांचा होता पाठवला तेव्हा. आता फोनवर मला, परक्या बाईला विचारावं तसं, हिंदीत ‘कैसी हो’ विचारतो.” आणि हसत हसतच पदरानं डोळे पुसत राहिल्या. ते हसण्याचं पाणी कुठं संपलं नि दुसरं कुठं सुरू झालं, मला कळलं नाही. कोथिंबीर मात्र त्या दिवशी मी पैसे देऊन घेतली.

पुढच्या शुक्रवारपासून कॉलची चाल बदलली. “काय केलंस आठवडाभर?” सासूबाई विचारायच्या. साधा प्रश्न. मला ऐकू यायचं: चारशे. “दुपारी झोपतेस का गं?” चारशे. “तिकडं दोन माणसांचा स्वयंपाक म्हणजे वेळ जात नसेल नाही तुझा?” चारशे, चारशे. त्या वाईट नव्हत्या हो. भाजी घेतानाही त्या वजनाच्या काट्याकडंच बघतात. आता काट्यावर मी होते.

वर्ष संपत आलं. इकामा नवा करायचा, म्हणजे रफिकाचे पुन्हा आगाऊ भरायचे. इकडं मिरजेत फ्लॅटचे हप्ते सुरू झालेले. सासूबाईच म्हणाल्या, “एकच वर्ष तिला इकडं राहू दे. हप्ते जरा हलके होतील. मग परत जाईल की ती.”

निखिल पोह्यांच्या ताटलीकडं बघत मला म्हणाला, “तुला काय वाटतं?”

बोलायची वेळ कुठली होती? ही! मला वाटतं मी राहावं. मला वाटतं करपलेलं वरण मुकाट्यानं खाणारा माणूस पुन्हा मिळत नाही. मला वाटतं ते ढग, ती माकडं, तो कुकर… हे सगळं घशापर्यंत आलं. निखिल वाट बघत होता. सासूबाई वाट बघत होत्या. सासऱ्यांचं कपाळही वाट बघत होतं.

मी मान हलवली.

समोरच्यांनी काय घ्यायचं ते घेतलं.

तर आता मी मिरजेत. शुक्रवारच्या कॉलला पडद्याच्या या बाजूला, सासूबाईंशेजारी. पलीकडं निखिल एकटाच पोहे खातो. मोहरी जळालेली स्पष्ट दिसते. तो विचारतो, “रफिका कशी आहे?” आणि मी मान हलवते.

शेजारणी विचारतात, “का गं, वर्षात परत आलीस?” मी काही बोलायच्या आत सासूबाई सांगतात, “आम्ही कशाला बोलावतोय? तिनंच ओरडून सांगितलं होतं, पाठवून द्या म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय.”

खरंच आहे ते. सासरी सुनेचा शब्द कोणी ऐकत नाही म्हणतात ना? माझा ऐकला हो, तंतोतंत ऐकला! फक्त ‘आजच्या आज’ तेवढं जमलं नाही. त्या आठवड्यात तिकीट महाग होतं.