बिलकीस मॅडमची यादी

बिलकीसला वर्गात खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लोहा गावच्या बांगडीवाल्यांची ही लेक चौदा वर्षं लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होती, आणि शिकवताना खिडकी ते दार फिरत राहायची. रुग्णाची संस्कृती जाणून सेवा करावी, असा एक धडा होता. कोणत्या धर्माचा माणूस काय खातो, काय टाळतो, याचा तक्ता. मुलींना तो तोंडपाठ. तिला मात्र तो शिकवताना दरवर्षी काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

त्या मंगळवारी कॉलेजच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, शस्त्रक्रियेआधीच्या तयारीला तिनं दुसऱ्या वर्षाच्या तनुजाला पाठवलं. पोरगी हाताची चलाख. अर्ध्या तासात परत आली.

"मॅडम, सात नंबरची आजी बोलूनच नाही राहिली. संमतीच्या कागदावर अंगठा पण देईना."

"तू काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं तेच. बांगड्या, जोडवी, गळ्यातली चांदीची डबी, सगळं पिशवीत घालून तिच्या पोराकडं दिलं."

सात नंबरची गुरम्मा शिरूर अनंतपाळची, लिंगायत घरातली. डबीत इष्टलिंग, रोजच्या पूजेचं लहानसं शिवलिंग. ते लहानपणी गळ्यात येतं आणि माणूस मातीत जाईस्तोवर अंगावेगळं होत नाही. बिलकीसला हे ठाऊक होतं. लोह्यात शेजारीच तसं घर होतं. इतकं ठाऊक होतं, की सांगायचं सुचलंच नाही. तयारीच्या यादीत 'अंगावरचं सगळं काढणे' हे फळ्यावर तिनंच लिहिलं होतं.

गुरम्माच्या मांडीचं हाड मोडून सहा दिवस झाले होते. आज अकराची वेळ हुकली, तर थेट शुक्रवार.

मुलगा मृत्युंजय रक्तपेढीच्या रांगेत सापडला. "मला बी नवल वाटलं, मॅडम. म्हटलं, दवाखान्याचा नियम आसंल." त्यानं पिशवी पुढं केली.

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "गळ्यात धातू चालणार नाही."

"डबी बाहेर ठेवते, सर. आतलं धातूचं नाही. कापडात गुंडाळून हातात बांधते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं."

गुरम्मा मोकळ्या गळ्यावर हात ठेवून भिंतीकडं बघत होती.

"कोणत्या हातात बांधायचं, अव्वा?"

म्हातारीनं डावा तळहात उघडला. पूजेला लिंग ठेवतात तोच हात, आणि त्यातच सलाइनची सुई. बिलकीसनं सुई काढली, उजव्या हातात शीर शोधली. दुसऱ्या टोचणीला सापडली. मग तिनं हात मागं घेतले.

"मी बांधू का?"

"तू नगं. काढलं तिलाच बोलीव."

तनुजा आली. "अव्वा, मला म्हाईत नव्हतं."

"इचारायचं तर हुतं, माय. तोंड हाय न्हवं?"

तनुजानं लिंग कापडात गुंडाळून तळहातावर बांधायला घेतलं. पहिली गाठ सैल पडली, गुरम्मानं ती सोडायला लावली. दुसरी बसल्यावर तिनं मूठ मिटली आणि कागदासाठी दुसऱ्या हाताचा अंगठा पुढं केला.

ट्रॉली आत गेली.

"मॅडम, हे पण यादीत लिहून घेऊ?" तनुजानं विचारलं.

बिलकीसनं जिन्याकडं पाहिलं. वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, तिच्याच वर्गातल्या दोन मुली ह्या घडीला तीच यादी हातात घेऊन कुणाच्या तरी खाटेशी उभ्या होत्या. काय काढत असतील? कुणाला विचारलं असेल का? ती जिना चढू लागली, आणि अर्ध्यातून पळू लागली.